मांडवझरीचं तीन फूट पाणी

रंगनाथ पाण्यातून वर आला, नाकातलं पाणी फुंकून टाकलं आणि बुरुजाच्या पायरीला धरून म्हणाला, "बांधलं."

"कुठं बांधलंस?" केरबाअण्णांनी वरून विचारलं.

"तीनच्या आकड्यावर."

"तीनच्या का साडेतीनच्या? पाण्याखाली तू काय करून आलास ते आम्हाला थोडंच दिसतंय."

"मग या की उतरून, अण्णा. हात धरून न्हेतो."

अण्णा हसले. त्यांना पोहता येत नव्हतं. सगळी नोकरी मांडवझरीच्या तलावाचं पाणी सोडायच्या दारावर काढलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटते, ही त्या गावातली जुनी गंमत होती आणि रंगनाथ लिंबोरे ती कधी वाया जाऊ देत नसे.

दाराशी पाण्यात उभ्या असलेल्या त्या बुरुजाच्या भिंतीवर पाणी मोजायची लोखंडी पट्टी होती. त्या पट्टीवर तीन फुटांच्या आकड्याला रंगनाथनं बुडी मारून पांढरं फडकं बांधलं होतं. पाणी उतरत उतरत फडकं उघडं पडलं की दार बंद करायचं, त्याखाली थेंब काढायचा नाही. तेवढं तीन फूट पाणी माशांचं.

"साहेब, फडकं कधी दिसंल?" रंगनाथनं डोकं पुसत मला विचारलं.

"काल्याच्या आदल्या दिवशी. दिवेलागणीच्या सुमारास."

"मग काय अडचण न्हाई," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी दुपारपर्यंत देवळात वीणेला माझा पहारा. पुढं ह्याचा. ह्यानं वीणा घेतली की मी मोकळा. सावकाश येतो दारावर." मग रंगनाथकडे वळून, "पर वेळेवर ये लेका. मागल्या साली उभं करून ठेवलं व्हतंस. गुडघे बोलाया लागले माझे."

"मागल्या साली म्हस व्याली व्हती."

"ह्या साली काय वितंय बघू."

त्या तलावात रंगनाथनं आणि भोईआळीतल्या इतर घरांनी पावसाळ्यात मत्स्यबीज सोडलं होतं. रोहू, कटला, मृगळ. वर्षाची सगळी उमेद त्या पाण्यात होती. मासा अजून वजनात भरायचा होता, पण भरला असता तरी काढता आला नसता. रामनवमीचा सप्ताह तोंडावर आला होता. मांडवझरीत सप्ताह बसला की हनुमान जयंतीला काला होईपर्यंत तलावात जाळं जात नाही. भोयांनीच पाळलेला नेम आहे तो, गावानं लादलेला नाही. काल्याचा प्रसाद तोंडात पडला की त्याच दुपारी जाळी पाण्यात. तोवर मासा जगायला हवा, आणि मासा जगायला तीन फूट पाणी हवं. एवढी साधी गोष्ट होती.

मी तिथं शाखा अभियंता होतो. आमच्याकडे तीन साठे होते. डोंगरात खैरदरा, अरुंद आणि खोल, विहिरीसारखा. मधे चिंचवण्याचं धरण. आणि खाली सपाटीवर मांडवझरी, परातीसारखी पसरट. तिन्हींचं पाणी एकाच नदीनं देवसांगवी शहराच्या बंधाऱ्यावर जायचं. त्या वर्षी पावसानं भाद्रपदातच पाठ फिरवली होती. कुठल्या धरणातलं पाणी कधी आणि किती सोडलं म्हणजे शहराला पुढच्या पावसापर्यंत पुरेल, एवढाच प्रश्न होता. आधी हे अंदाजानं आणि टेलिफोनवर चालायचं. त्या वर्षी आमच्या कचेरीत संगणक आला. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. केरबाअण्णा एकदा काही कामानं आले, तर त्या यंत्रापुढे हात जोडून उभे राहिले आणि मग मला हळूच विचारलं, "प्रदक्षिणा असती का?"

संगणकानं दिलेलं उत्तर माझ्या आईनंही दिलं असतं. पसरट भांड्यातलं पाणी ऊन आधी पितं. तेव्हा आधी मांडवझरी पार रिकामी करा, मग चिंचवण्याला हात घाला, खैरदरा शेवटाला ठेवा. मांडवझरी बंद होण्याच्या आधीच चिंचवण्याचं दार उघडायचं, कारण वरचं पाणी नदीतून खाली पोचायला वेळ लागतो. मधे धार तुटली तर शहराचा उपसा बंद पडतो. एकाचं दार उघडणं आणि दुसऱ्याचं मिटणं, सगळं एकमेकांत बसवलेलं होतं. मला ते फार आवडलं होतं. चांगल्या कीर्तनात बुवा एका कडव्यावरून सुटतात आणि टाळकरी बरोबर त्याच क्षणी उचलतात, मधे पोकळी राहत नाही, तसं.

"मासे?" आमचे कार्यकारी अभियंता अष्टपुत्रे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला होता. "गुळवणी, हे पिण्याच्या पाण्याचं गणित आहे. यात मासे कुठून आले?"

"तलावात आहेत, साहेब. ठेका आपणच दिलाय त्यांच्या सोसायटीला."

"ठेका पाणी असेल तोवरचा आहे."

"तीन फूट राखलं तर काल्यापर्यंत जगतील. नंतरचं पाणी आपलंच."

"आणि ते तीन फूट उन्हात उभं राहून किती उडून जाईल?"

"शहराचं दोनेक दिवसांचं."

"दोन दिवस म्हणजे तुम्हाला काहीच नाही?"

अष्टपुत्रे वाईट माणूस नव्हते. ते कीर्तनाला जात नसत, पण कचेरीतल्या शिपायाची मुलगी आजारी पडली तेव्हा आपली गाडी घेऊन तेच गेले होते. थोडा वेळ त्यांनी कागदावर रेघा ओढल्या आणि म्हणाले, "काल्यापर्यंत. पुढे एक तासही नाही. घाला अट."

तशी अट घातली आणि गणित पुन्हा केलं. फडकं कधी दिसेल ते त्यातूनच निघालं.

काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी चिंचवण्याला गेलो, दार उचललं, धार नदीला लागलेली डोळ्यांनी बघितली. तिथल्या चौकीदाराच्या घरी भाकरी खाल्ली. संध्याकाळी मांडवझरीला ज्या बुवांचं कीर्तन होतं त्यांच्यासाठी मी एरवी दोन तालुके ओलांडून जात असे. त्यांना आणायला गाव दिंडी घेऊन फाट्यावर जाणार होतं. दार बंद करून, तळ्यावर हातपाय धुऊन पुढची जागा धरू, असा माझा बेत होता.

जीप धरणाच्या भिंतीवर चढली तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. बुरुजावर पांढरं फडकं दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं. सुकून वाऱ्यावर फडफडत होतं.

खाली पाणी म्हणावं असं बुरुजाच्या पायथ्याशीच काय ते होतं. बाकी सगळा चिखल. पाण्याच्या दारात रंगनाथ कमरेपर्यंत रुतून उभा होता. जाळ्याचं एक टोक त्यानं बुरुजाच्या गजाला बांधलं होतं, दुसरं स्वतःच्या हाताला गुंडाळून हात आडवा धरला होता. जाळ्याच्या अलीकडे काळ्या पाठी एकावर एक चढत होत्या.

"अण्णा कुठायत?" मी वरून विचारलं.

"येतीलच."

"कधीपासून उभा आहेस?"

"जेवणवेळेला फडकं दिसलं. तवापास्नं."

"अरे, मग बोलवायचं ना कुणाला पाठवून."

"कुणाला पाठवू? समदी फाट्यावर ग्येलीत, बुवांना आणाया. म्या हात काढला तर हे समदं दारातनं खाली जातंय, साहेब." आवाज चढला नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसा बोलत होता. "अण्णा येतीलच आता. त्येंच्या ध्येनात असंल."

मी दाराच्या चाकापाशी गेलो. चाकाला साखळी, साखळीला कुलूप. किल्ली अण्णांच्या कमरेला असायची, कायमची.

देऊळ भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला. बुरुजापुढं भिंत अरुंद होती, जीप जात नव्हती, आणि गावातल्या बोळात ती शिरतही नव्हती. मी पळत गेलो.

सप्ताहात वीणा एकच असते. सप्ताह बसताना ती एकाच्या गळ्यात पडते आणि उठेपर्यंत खांद्यावरून खांद्यावर जाते. ती जमिनीला टेकत नाही, खुंटीला लागत नाही, भिंतीशी उभी राहत नाही. ज्याचा पहारा त्यानं न्हाऊन, उपाशी उभं राहायचं, तार छेडत नाम घ्यायचं. पुढचा आला, त्यानं पाया पडून वीणा घेतली, की हा सुटला. पुढचा आला नाही तर हा उभाच. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी लहानपणापासून पाहत आलोय.

मांडवझरीत अण्णांच्या मागून लिंबोरे, हा क्रम त्यांच्या वडलांपासूनचा होता.

देवळात गारवा होता. अण्णा विठ्ठलासमोर उभे होते, वीणा गळ्यात, डोळे अर्धे मिटलेले. बाजूला दोन म्हातारे टाळकरी बसल्या बसल्या टाळ वाजवत होते. त्यांतल्या एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला उठता येत नव्हतं. ओवरीत चारपाच बायका संध्याकाळच्या पंगतीच्या पुऱ्या लाटत होत्या. रंगनाथची बायको चंद्राबाई त्यांत होती. अण्णांनी मला बघितलं आणि ते हसले. कीर्तनाला लवकर आलो म्हणून त्यांना बरं वाटलं असावं.

"अण्णा, फडकं उघडं पडलंय."

त्यांचं बोट तारेवरून थांबलं नाही. "कवा?"

"दुपारीच."

"दिवेलागणीला म्हणाला व्हता की तुम्ही."

"हो. पण दुपारीच पडलं."

"मग रंगा का न्हाई आला सांगायला?"

"तो दारात जाळं धरून उभा आहे. तुमची वाट बघतोय."

"मी त्याची बघतोय," ते म्हणाले. "पहारा संपून किती येळ झाला. म्हटलं, रंगा आला न्हाई म्हंजे पाणी अजून हाय. उतरलं असतं तर पळत आला असता."

टाळ चालू होते. अण्णांनी पुन्हा नाम घेतलं, दोनदा, आणि मग म्हणाले, "किल्ली कमरंला हाय. घ्या काढून."

मी त्यांच्या धोतराच्या कनवटीत हात घातला. करगोट्याची गाठ घामानं आवळली होती, लवकर सुटेना. माझं कपाळ त्यांच्या छातीला लागत होतं आणि तारेचा आवाज माझ्या हाडांतून जात होता. गाठ सुटली. मी वळलो तेव्हा चंद्राबाई लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

परत येऊन मी दार उतरवलं. चाक नीट फिरलं, दार व्यवस्थित बसलं. खालची धार बारीक होत होत थांबली. अडवण्याजोगं मात्र फारसं काही उरलं नव्हतं.

तलाव बांधला तेव्हा किती फुटाला किती पाणी याचा एक तक्ता केलेला होता. आम्ही तोच संगणकाला दिला होता. तेव्हापासून तळाशी किती गाळ बसला ते कुणी मोजलेलं नव्हतं, मोजायची पद्धतही नव्हती. तक्त्यात जिथं पाणी होतं तिथं निम्म्याहून जास्त चिखल होता. म्हणून फडकं लवकर उघडं पडलं आणि त्याखालचं पाणी त्याहून लवकर गेलं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त खाली उतरलो आणि रंगनाथला म्हणालो, "सोड आता. दार बंद झालंय."

तो तसाच उभा. मी त्याच्या हाताचं जाळं उलगडलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोरीचे वळ होते, त्यांत रक्त सुकलं होतं.

"वीणा कुणापाशी हाय?" त्यानं विचारलं.

"अण्णांपाशीच."

"अजून?"

"हो."

त्यानं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. "मला आता घ्येता यायची न्हाई," तो म्हणाला. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

चिखलात मासे होते. काही दारापाशी उरलेल्या डबक्यात, बरेचसे बाहेर. आधी आवाज होता, ओल्या कापडावर काठी मारावी तसा, सगळीकडून. मग तो कमी होत गेला. बगळे आले, घारी आल्या. फाट्यावरची दिंडी गावात शिरल्याचा मृदंग ऐकू आला. थोड्या वेळानं भोईआळीतली माणसं काठावर आली आणि ओळीनं उभी राहिली. त्यांच्यातल्या कुणीही चिखलात पाय घातला नाही.

शेजारच्या गावचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. बातमी त्याला कशी लागली देव जाणे.

"रंगा, माल अजून ताजा हाय," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता उचलतो. बर्फ आणलाय संगं. उद्या काय उरायचं न्हाई ह्यातलं."

"काला झाल्यावर या."

"अरे बाबा, काल्यापर्यंत कुत्रंसुद्धा तोंड लावायचं न्हाई."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय. काला झाल्यावर या."

व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, शहाण्या माणसानं दुसऱ्या शहाण्याकडे बघावं तसं. मी जीपच्या बॉनेटला टेकून उभा होतो. तो थोडा वेळ थांबला, एक विडी ओढली आणि गेला.

वीणा शेवटी बुवांबरोबर आलेल्या एका टाळकऱ्यानं घेतली. अण्णा भिंतीवरून चालत आले, चालताना पाय ओढत होते. ते रंगनाथशेजारी काठावर बसले. मग अण्णांनी डोक्याचा पटका काढून त्याची चिंधी फाडली आणि रंगनाथच्या हाताला बांधली. रंगनाथनं हात पुढं केला, बांधून झाल्यावर मागं घेतला.

कीर्तन झालं. मी बसलो होतो, पँटवर वाळलेला चिखल घेऊन, अगदी पुढं. लोकांनीच पुढं बसवलं. रंगनाथही आला होता, अंघोळ करून, खांबाला टेकून. बुवांचा आवाज लागला होता असं लोक पुढे कित्येक दिवस सांगत होते. मी आयुष्यात पुष्कळ कीर्तनं ऐकली, त्यांतली पदं, दृष्टान्त, कुठं कोण रडलं, कुठं हशा झाला, मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या कीर्तनातला एकही शब्द मला आठवत नाही. बुवांचं तोंड हलत होतं, हात वर जात होता, माणसं डोलत होती. मीही डोलत असेन.

दुसऱ्या दिवशी काला झाला. लाह्या, दही, डाळ. प्रसाद घेऊन भोईआळीनं तलावात एक लांब चर खणला आणि मासे पुरले. डबक्यातलेही वर आले होते एव्हाना.

चौकशीला अष्टपुत्रे साहेब स्वतः आले. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. मी बाजूला बसलो होतो. अण्णा खाली अंगणात चिंचेखाली उभे होते. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. साहेबांनी रंगनाथला खुर्ची दिली. तो काठावर टेकला.

"लिंबोरे, तुमचं नुकसान झालंय, ते मला मान्य आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त एवढंच सांगा, की दार सांभाळणारा माणूस जागेवर नव्हता. मग चूक आमची ठरते. पुढच्या हंगामाचं सगळं बीज मी सरकारकडून मिळवून देईन. माझा शब्द आहे."

"जाग्यावर व्हते की," रंगनाथ म्हणाला.

"कुठल्या जागेवर?"

"पहाऱ्यावर."

"दाराच्या?"

"वीणेच्या."

"म्हणजे दारावर नव्हते."

"साहेब, पहारा त्येंचा संपला व्हता. पुढचा माझा. म्या ग्येलो न्हाई म्हणून ते अडकले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ती वीणा पाच मिनिटं खाली ठेवता आली नसती?"

"न्हाई."

"भिंतीला टेकवून?"

"न्हाई."

"अहो, मासे तुमचे मेलेत. माझे नाहीत."

"व्हय."

"आणि तुम्हीच म्हणताय, ठेवायला नको होती."

"ठेवली असती," तो म्हणाला, "तर म्या पुन्यांदा त्येंच्या घरचं पाणी पिलो नसतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना काही समजावून सांगावं असं त्यांना वाटत होतं.

"आन् चूकच धरायची तर माझी धरा," रंगनाथ पुढं म्हणाला. "सप्त्यात जाळं पाण्यात म्या घातलं. आमच्या आळीत आजवर कुणी घातलं नव्हतं. तसल्या हातानं वीणा घ्यायची कशी?"

"तू धरायला थोडंच घातलंस," मी म्हणालो. "राखायला घातलंस."

"जाळ्याला काय कळतंय साहेब, धराया का राखाया."

व्हरांड्यात पंखा फिरत होता. साहेबांनी कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "तुम्ही असं सांगितलंत तर मला बीज देता येणार नाही, हे समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय."

"एकदा विचार करा."

"केलाय."

त्यानं उठून साहेबांना नमस्कार केला, मला केला, आणि पायऱ्या उतरून अण्णांच्या जवळून, त्यांच्याकडे न बघता, गेला. अण्णा त्याच्या मागोमाग थोडं अंतर ठेवून चालू लागले. त्यांना अजून बोलावलेलं नव्हतं.

चंद्राबाई फाटकाशी पाटी घेऊन उभी होती. मी बाहेर आलो तशी म्हणाली, "काय म्हणले हे?"

मी सांगितलं.

"वाटलंच मला." तिनं पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "साहेब, म्या तिथंच बसले व्हते. पुऱ्या लाटत. सकाळधरनं न्हाऊन, पाण्याचा थेंब न घ्येता. म्या धरली असती वीणा. पहारा संपताच अण्णा सुटले असते, दारावर जाऊन फडकं बघितलं असतं, दार लावलं असतं. तुमच्या येण्याच्या आधीच. दुपारीच."

"मग?"

"मग काय. आमच्या गावात बाया घ्येत न्हाईत. आन् कुणी इचारलं न्हाई."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि गेली.

प्रकरण मिटलं. कुणाचाच दोष नाही असं ठरलं. अण्णा सुखरूप निवृत्त झाले. त्या वर्षी मृग कोरडा गेला, पाऊस आर्द्राही लागून गेल्यावर आला. देवसांगवीचे नळ एक दिवस बंद पडले नाहीत. नगरपालिकेनं अष्टपुत्रे साहेबांचा सत्कार केला. तिथून परत येताना गाडीत ते मला म्हणाले, "गुळवणी, ते तीन फूट आपण राखलं असतं तर शेवटचे दोन दिवस शहर तहानलेलं राहिलं असतं. दवाखाने आहेत, बाळंतिणी आहेत. देवानंच केलं म्हणा."

घरी येऊन मी गणित पुन्हा मांडलं. ते म्हणत होते ते बरोबर होतं. दोन दिवस. मी वही मिटली आणि जेवायला बसलो. आमटी अळणी होती की खारट, ते बायकोनं विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी गणित माझ्यावर सोपवलं. मी गाळ मोजून घेतला, तक्ता नवा केला, आणि मांडवझरीला तीन फुटांची अट घातली. काल्यापर्यंत.

चैत्रात गेलो तेव्हा दारावर नवीन माणूस होता, शिकलेला, नीटनेटका. भोईआळीतल्या बऱ्याच घरांना कुलपं होती. रंगनाथ आणि चंद्राबाई खालच्या अंगाला वीटभट्टीवर गेल्याचं कळलं. देवळात सप्ताह चालू होता, टाळ ऐकू येत होते.

"साहेब, पाणी तीनच्या आकड्यावर आलंय," दारावरचा तो नवीन माणूस म्हणाला. "दार लावलंय तुम्ही सांगितल्याप्रमाणं. पण हे राखायचं कशासाठी?"

"माशांसाठी."

"मासे कुठायत? यंदा कुणी बीज सोडलंच नाही."

"माहीत आहे."

"मग सोडून देऊ का खाली? रोज बोटभर उडतंय उन्हानं."

"नको," मी म्हणालो. "काल्यापर्यंत राहू दे."

त्यानं मान हलवली आणि चाकाला साखळी घातली. पाणी स्वच्छ होतं, तळापर्यंत दिसत होतं. त्यात काही हलत नव्हतं.